भाव उतरेपर्यंत डिस्क थांबेल का?

वाचकांचं पत्र, थोडक्यात: एक वाचक घरून भाषांतराचं काम करतात. लॅपटॉप सात वर्षांचा, आत १ टीबीची हार्ड डिस्क, ८ जीबी रॅम. सुरू केल्यावर काम करण्याजोगा व्हायला पाच-सहा मिनिटं लागतात. डिस्कवर जेमतेम ३०० जीबी भरलेलं आहे. तिच्या जागी एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये साठवणारी वेगवान ड्राइव्ह) बसवायचं त्यांनी दीड वर्षापूर्वीच ठरवलं होतं, पण "भाव अजून उतरतील" असं कुणीतरी म्हणालं आणि त्या थांबल्या. भाव उतरले नाहीत, उलट चढले. आता तेव्हाची किंमत आठवते आणि हात मागे येतो. भाच्याचं म्हणणं, घ्यायचीच तर नव्या पिढीची घ्या, नाहीतर वर्षभरात जुनी होईल. एका सहकाऱ्याने सांगितलं की एसएसडी लिहून लिहून झिजते. पत्राच्या शेवटी त्या जाता जाता लिहितात, "गेल्या महिन्यात फोटोंचं एक फोल्डर कॉपी होताना मध्येच अडकलं. अधूनमधून आतून टक्-टक् आवाजही येतो, पण लॅपटॉप जुना आहे म्हणून असेल." प्रश्न असा: आत्ता घेऊ, की थांबू?

---

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर शेवटच्या दोन ओळींत आहे आणि तो तुम्ही "असेल" म्हणून सोडून दिलाय. किंमत, पिढी, झीज या सगळ्यावर बोलूच. पण हे पत्र वाचून झाल्यावर आधी कामाच्या फाइली आणि फोटो दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी उतरवून घ्या. पेन ड्राइव्ह चालेल, कुणाची एक्स्टर्नल डिस्क चालेल, क्लाउड चालेल. त्यासाठी एसएसडीचा निर्णय व्हायची गरज नाही.

कॉपी मध्येच अडकणं आणि टक्-टक् आवाज ही जोडी हार्ड डिस्कच्या बाबतीत चांगली नाही. आत चकत्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक हात सरकत असतो, ग्रामोफोनच्या सुईसारखा. फक्त ही सुई चकतीला टेकायची नसते. हव्या त्या जागी वाचता आलं नाही की हात मागे येतो, पुन्हा जातो, पुन्हा प्रयत्न करतो. तो आवाज बहुतेक वेळा या खटपटीचा असतो. वय झालं म्हणून यंत्र कुरकुरतंय, असा त्याचा अर्थ काढू नका.

खात्री करून घ्यायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती तो दाखवतो. त्यात तीन ओळी पाहा: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब निघालेल्या आणि राखीव जागेतून बदलून घेतलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांची, संख्या. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेल्या चुका. तिन्ही ठिकाणी शून्य असेल तर थोडा श्वास घ्यायला हरकत नाही. सी५ शून्याच्या वर असेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर थांबायचं की नाही हा प्रश्न तुमच्या हातात उरलेला नाही.

आणि एक गोष्ट करू नका. अशा वेळी सल्ले येतात की डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली जुळवून ठेवणारी सोय) चालवा, चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधणारी सोय) चालवा. दोन्हींत डिस्कला तासन्‌तास राबावं लागतं. फाइली बाहेर निघेपर्यंत त्या डिस्कला एकही जादा काम सांगू नका. कॉपी करतानाही आधी पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी घ्या: चालू काम, शब्दसंग्रह, भाषांतराच्या स्मृतीच्या (आधी केलेली भाषांतरं साठवणाऱ्या) फाइली, फोटो. सिनेमे आणि इन्स्टॉलर शेवटी, किंवा नाहीच. जे फोल्डर अडकतं ते सर्वांत शेवटी. तिथेच डिस्क दम तोडण्याची शक्यता जास्त.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही तो बाजाराचा प्रश्न म्हणून मांडलाय: भाव पडतील का? त्याचं उत्तर मला देता येणार नाही, आणि छातीठोकपणे देणाऱ्याचं ऐकू नका. एसएसडी ज्या फ्लॅश मेमरीच्या चिपांनी बनते, तिचा बाजार लाटांनी चालतो. मोजके कारखानदार आहेत आणि नवा कारखाना उभा करून त्यातून माल निघायला वर्षं जातात. भाव चढले की सगळेच उत्पादन वाढवतात, माल तुंबला की सगळेच हात आखडतात. २०२२-२३ मध्ये माल इतका तुंबला की भाव कोसळले. मग कंपन्यांनी उत्पादन कापलं आणि भाव पुन्हा चढू लागले. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला महागाई आली. त्यात अपघातांची भर. जून २०१९ मध्ये जपानमधल्या योक्काइची इथल्या कारखान्यात फक्त १३ मिनिटं वीज गेली आणि त्याचा फटका पुढच्या कित्येक आठवड्यांच्या उत्पादनाला बसला. २०२२ च्या सुरुवातीला त्याच ठिकाणी कच्चा माल दूषित निघाला. त्याआधी, २०११ मध्ये, थायलंडला पूर आला तेव्हा हार्ड डिस्कच्या किमती एका महिन्यात कुठल्या कुठे गेल्या आणि त्या पूर्ववत व्हायला बराच काळ लागला. यातलं काहीही आदल्या महिन्यात कुणाला सांगता आलं नसतं.

दर जीबीमागे खर्च दशकांच्या हिशोबात खाली येत गेलाय, हे खरंच. तुमच्या ओळखीच्यांनी जे सांगितलं ते त्या अर्थाने चुकीचं नाही. पण ते दशकांचं गणित तुमच्या सहा महिन्यांना लागू पडत नाही. सहा महिन्यांत भाव वरही जातो, खालीही येतो.

तुम्हाला खरी टोचणी बहुधा वेगळीच आहे. "तेव्हा घेतली असती तर" हा आकडा डोक्यात बसलाय आणि आजची किंमत दिली की तेव्हाची चूक मान्य केल्यासारखं वाटतंय. पण तो भाव आता कुठेच विकायला नाही. तुमच्यापुढे आज दोनच गोष्टी आहेत: आजच्या किमतीला एसएसडी, किंवा आजच्यासारखाच लॅपटॉप. दीड वर्षापूर्वी तुमच्याजवळ असलेल्या माहितीवर थांबणं काही वेडेपणाचं नव्हतं, तेव्हा स्वतःला त्याची शिक्षा देण्यात अर्थ नाही. आणि ती शिक्षा तुम्ही देताय ती रोज सकाळी, पाच-सहा मिनिटांच्या हप्त्यांनी.

थांबण्याला किंमत नसते, असं आपण नकळत धरून चालतो. हे गृहीतक एकाच ठिकाणी खरं ठरतं: ज्याच्या यंत्रात आधीच एसएसडी आहे आणि त्याला फक्त आणखी वेगवान हवी आहे, तिथे. अशा वाचकांना मी डोळे मिटून सांगेन, थांबा, काही बिघडत नाही. हार्ड डिस्कवर बसलेल्या माणसाचं तसं नाही. लॅपटॉपमधली चकती बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हाताखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, शिवाय हात सरकायचा वेळ. सगळं धरून सेकंदाला शंभराच्या आतच छोट्या फाइली वाचून होतात. साध्यातली साधी एसएसडी तेवढ्या वेळात हजारो वाचते, कारण तिच्यात काही फिरत नाही आणि काही सरकत नाही. लॅपटॉप सुरू होणं म्हणजे हजारो छोट्या फाइलींचं वाचनच असतं. तुमची ती पाच-सहा मिनिटं जातात ती इथे.

यावरून भाच्याच्या मुद्द्याचंही उत्तर निघतं. नवी पिढी वेगवान आहे याबद्दल वाद नाही. साटा प्रकारची, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जुन्या जोडणीवर चालणारी, एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट देते. एनव्हीएमई या नव्या, वेगवान जोडणीच्या प्रकारात तिसरी पिढी ३,५०० च्या आसपास, चौथी ७,००० आणि पाचवी १४,००० पर्यंत जाते. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण ते एक भलीमोठी फाइल सलग वाचताना मिळतात. तुम्ही दिवसभर जे करता, म्हणजे कागदपत्रं उघडणं, ब्राउझर, शब्दकोश, भाषांतराचं सॉफ्टवेअर, ती सगळी सुट्या छोट्या वाचनांची कामं. तिथे साटा आणि पाचवी पिढी यांतला फरक हाताला जाणवेल न जाणवेल. हार्ड डिस्क आणि साटा यांतला फरक मात्र पहिल्याच दिवशी कळतो. शिवाय सात वर्षांच्या लॅपटॉपमध्ये पाचव्या पिढीचा वेग झेलणारा खाचाच नसतो. नवी ड्राइव्ह त्यात बसली तरी जुन्याच वेगाने चालेल. भाचा रोज व्हिडिओ संपादन करत असेल तर त्याच्या यंत्रासाठी त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं.

झिजण्याच्या भीतीला फार जागा देत नाही. एसएसडी झिजते, हे खरं. पण ५०० जीबीच्या नावाजलेल्या साटा एसएसडीवर कमीत कमी १८० टीबी लेखनाची हमी सहसा असते. रोज ३० जीबी लिहिलं, आणि भाषांतराच्या कामात तेवढं क्वचितच होतं, तरी ती गाठायला सोळा वर्षं लागतील.

पैसे काढण्याआधी मात्र लॅपटॉपचीच एक परीक्षा घ्या, कारण सगळा संथपणा डिस्कचाच असतो असं नाही. टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं काम सुरू असताना पाहा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत, असं दिसलं तर एसएसडीने नक्की फरक पडेल. मेमरीही ९० टक्क्यांच्या वर असेल तर जरा थांबा. रॅम अपुरी पडली की विंडोज उरलेलं डिस्कवर ठेवते आणि बिचारी डिस्क उगाच बदनाम होते. ८ जीबीत भाषांतराचं सॉफ्टवेअर आणि वीस टॅब एकदम उघडले तर असं होऊ शकतं. तरी दोन्हींतून एकच निवडायचं झालं तर तुमच्या बाबतीत मी एसएसडीच म्हणेन. टॅब बंद करता येतात.

दुसरी परीक्षा विंडोजची. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो का ते पाहा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, आणि सात वर्षांचा लॅपटॉप नेमका या सीमारेषेवर असतो. बसत असेल तर एसएसडी घालून हे यंत्र आणखी तीन-चार वर्षं आरामात चालेल. बसत नसेल तर लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर) जायची तयारी आहे का, की वर्षभरात लॅपटॉपच बदलायचाय, याचा विचार आधी करा. बदलायचं पक्कं असलं तरी साटा एसएसडी वाया जात नाही. एका साध्या यूएसबी केसमध्ये घातली की तीच पुढे बॅकअपची ड्राइव्ह होते.

आता किती मोठी? जुनी १ टीबीची आहे म्हणून नवीही १ टीबीची हवी, हे तुम्ही धरून चालला आहात, आणि त्यामुळेच किंमत जास्त बोचते आहे. तुमचं भरलेलं सामान ३०० जीबी. ५०० जीबीची घेतली तरी पुरेशी मोकळी जागा उरते. एसएसडी काठोकाठ भरू नये, पंधरा-वीस टक्के रिकामी ठेवावी, हेही त्यात बसतं. २५० जीबीच्या मोहात मात्र पडू नका. तुमचं सामान मावणार नाही हे तर आहेच. शिवाय लहान ड्राइव्हमध्ये चिप कमी असतात, त्यामुळे लिहिण्याचा वेगही कमी आणि लेखनाची हमीही कमी.

कुठली, यात नाव सांगत नाही, पण खोक्यावर काय वाचायचं ते सांगते. टीएलसी प्रकारची शोधा. टीएलसीच्या प्रत्येक कप्प्यात तीन बिट मावतात, क्यूएलसीच्या चार. क्यूएलसी स्वस्त पडते आणि वाचायला ठीकच असते, पण सलग खूप लिहायला लागलात की तिचा राखीव वेगवान भाग भरतो आणि मग वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येऊ शकतो. साटामध्ये घेणार असाल तर डीरॅम कॅशे (कुठली माहिती कुठे आहे याची यादी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी) असलेली बघा. एनव्हीएमई ड्राइव्ह त्याच्याऐवजी लॅपटॉपची थोडी रॅम वापरून भागवू शकते, साटाला ती सोय नाही. एकाच नावाखाली कंपनीने आतल्या चिप गुपचूप बदलल्याची उदाहरणं आहेत, म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर विसंबू नका, ताजं वाचा. आणि प्रचंड क्षमता, अविश्वसनीय किंमत, अनोळखी नाव अशी एक्स्टर्नल एसएसडी दिसली तर पुढे जा. अशा खोक्यांत कित्येकदा एखादं मेमरी कार्ड असतं, आणि ते स्वतःची क्षमता खोटीच सांगतं.

लॅपटॉप उघडून किंवा त्याची माहितीपुस्तिका पाहून खाचा कुठला ते नक्की करा. अडीच इंची साटा, तीही ७ मिलिमीटर जाडीची, बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते. एम डॉट टू (पट्टीसारखी छोटी ड्राइव्ह बसणारा) खाचा असेल तर तो साटा घेतो की एनव्हीएमई हे पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. दिसायला दोन्ही जवळपास सारखे असतात आणि गल्लत इथेच होते.

थांबायचंच झालं तर? समजा, सी५ शून्य निघाला, आवाज पंख्याचा निघाला आणि सध्या पैशांची ओढाताण आहे. तर थांबा, पण बॅकअप झाल्यावर, आणि कधीपर्यंत ते लिहून ठेवून. तारीख ठरवा, मनाला परवडणारा एक आकडाही ठरवा. दोन्हींपैकी जे आधी येईल त्या दिवशी खरेदी करा आणि त्यानंतर किमती बघणं बंद. तुमची दीड वर्षं गेली ती थांबल्यामुळे कमी आणि थांबण्याला शेवट नसल्यामुळे जास्त, असं मला वाटतं.

सी५ शून्याच्या वर असेल तर या आठवड्यात घ्या. फक्त बदलायचं काम एखादं मोठं भाषांतर द्यायच्या आदल्या दिवशी काढू नका. डिस्क आजारी असताना क्लोन करण्याचा, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल नवीवर उतरवण्याचा, हट्टही नको. क्लोनिंगमध्ये रिकामी पडलेली जागासुद्धा वाचली जाऊ शकते आणि एका खराब सेक्टरवर सगळं अडून बसतं. नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाका आणि बॅकअपमधून फाइली आणा. सॉफ्टवेअरचे परवाने आणि पासवर्ड आधी टिपून ठेवा, आणि डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की सुद्धा. अर्धा दिवस जाईल.

एसएसडी आल्यावर बॅकअपची गरज संपत नाही, उलट थोडी वाढते. हार्ड डिस्क निदान टक्-टक् करून सांगते. एसएसडी बऱ्याचदा काहीही न बोलता जाते, आणि चुकून पुसलेली फाइल तिच्यातून परत मिळणं ट्रिम नावाच्या, पुसलेली जागा लगेच रिकामी करून टाकणाऱ्या सोयीमुळे जवळजवळ अशक्य असतं. म्हणून चालू कामाची एक प्रत कायम दुसरीकडे असू द्या. जुने फोटो एसएसडीवर भरून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवणं हाही चांगला बेत नाही. वीज न मिळाल्यास तिच्यातला साठा हळूहळू विरत जाऊ शकतो.

काढलेली हार्ड डिस्क लगेच पुसू नका. दोन-तीन महिने बाजूला ठेवा, एखादी फाइल राहून गेल्याचं तेवढ्या काळात लक्षात येतं. मग द्यायची किंवा टाकायची झाली तर तिच्यावर एकदा पूर्ण लिहून घ्या. नुसतं फॉरमॅट पुरत नाही, आणि तुमच्याकडे इतरांची कागदपत्रं असतात. डिस्क तेवढंही लिहू देत नसेल तर ती फोडूनच टाका.